मंत्र अडवणारा थांब्या

भिवंडीत शुक्रवारी माग बंद असत. उरलेले सहा दिवस गावाला दुसरा आवाज म्हणून नसेच. पण शुक्रवारी कामतघरच्या गल्लीतसुद्धा चिमण्या ऐकू येतात, असे लोक म्हणत. चांगदेवाला त्या ऐकू येत नसत. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितलेली नव्हती.

तो सावळारामशेठच्या चोवीस मागांवर जॉबर होता. कापड विणणारे कामगार निराळे. माग अडला, आडवा धागा नेणारा धोटा भलतीकडे उडाला, धागा पुन्हापुन्हा तुटू लागला, की ज्याला हाक जाते तो जॉबर. मुरलेला जॉबर शेडच्या दारात क्षणभर उभा राहतो आणि नुसत्या आवाजावरून कोणत्या मागाचे काय बिनसले आहे ते सांगतो. चांगदेवाची ख्याती हीच होती. बावीस वर्षे त्या खडखडाटात काढल्यावर त्याच खडखडाटाने त्याचे कान खाल्ले. आधी बारीक आवाज गेले, मग पाठीमागून बोललेले शब्द. समोरच्या माणसाचे ओठ वाचण्याची सवय मागावरच्या सर्वांनाच थोडीफार लागते, कारण चालू शेडमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडले तरी शेजाऱ्याला कळत नाही. चांगदेवाने त्या सवयीची विद्या केली. शिवाय चालत्या मागाच्या लोखंडी अंगावर तळहात टेकून तो त्याची नाडी पाहू लागला. बघणाऱ्याला ती त्याची लकब वाटे.

दोन वर्षे हे झाकून राहिले. उघड झाले असते, तर जॉबरकी गेली असती आणि सुताच्या कांड्या भरण्याच्या कामावर, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रांगेत, पंचेचाळिसाव्या वर्षी बसावे लागले असते. त्यात १९७८ च्या दिवाळीनंतर सावळारामशेठने राहनाळला नवी शेड बांधायला काढली. सोळा नवे माग यायचे होते. तिथला मुख्य जॉबर कोण, हे होळीपूर्वी ठरणार होते. चांगदेवाला ती शेड हवी होती. त्याने तसे कधी म्हटले नाही. पण राहनाळच्या बाजूला काम नसतानाही तो दोनदा चालत जाऊन जोत्याची उंची पाहून आला होता.

त्याच सुमारास राघो रजेवर आला. राघो हा सावळारामचा मामेभाऊ, परदेशी जाणाऱ्या बोटीवर इंजिनघरात तेलपाण्याच्या कामाला. अमेरिकेच्या एका बंदरात बोट दीड महिना दुरुस्तीला पडली असता तेथील पोरांकडून तो एक खेळ शिकून आला होता. सामान म्हणाल तर तीन पातळ पुस्तिका आणि काही चमत्कारिक फासे: कोणाला चार बाजू, कोणाला आठ, एकाला तर वीस. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने खेळ चालवायचा, म्हणजे गड, भुयारे, राक्षस हे सारे सांगत जायचे. बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र घडवून त्या पात्राच्या वतीने बोलायचे आणि करायचे. वार लागला की हुकला, मंत्र फळला की फसला, याचा निवाडा फासा करी.

राघोच्या माडीवर दर शुक्रवारी दुपारी हा डाव बसू लागला. पहिले दोन गडी म्हणजे सावळारामशेठ आणि दाजी. दाजी नगरपालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी तिन्ही पुस्तिका मराठीत उतरवल्या, सुवाच्य अक्षरात, डावीकडे समास सोडून. पात्राच्या अंगी किती दम उरला आहे तो मोजायच्या आकड्याला त्यांनी ‘प्राणांक’ असे नाव दिले आणि त्यावर त्यांना फार समाधान वाटले.

चांगदेव तिथे पोहोचला तो एका अपघाताने. आठ बाजूंचा फासा आरामखुर्चीच्या पायाखाली सापडून चिरडला. तसा फासा करील असा माणूस शेठला एकच ठाऊक होता. चांगदेवाने जुन्या धोट्याचे चिवट लाकूड घेतले, तीन संध्याकाळी कानस चालवली आणि फासा नेऊन दिला. दाजींनी तो दोनशे वेळा टाकून कोणती बाजू किती वेळा पडली याचा तक्ता केला आणि फासा निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. मग राघो म्हणाला की ज्याने फासा केला त्यालाच खेळू न देणे बरे दिसत नाही. चांगदेव बसला, आणि बसला तो बसलाच. त्याने घडवलेले पात्र कुलपे उघडणाऱ्याचे होते. ते नि त्याचे हत्यार, दोन्ही लहान होती.

त्या माडीवर एक रीत आपोआप पडली. शेडमध्ये चांगदेव मालकाला ‘शेठ’ म्हणे. नावाने हाक मारण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. पण खेळात सावळाराम हा वज्रबाहू नावाचा योद्धा होता आणि वज्रबाहूला ‘अरे’ म्हणायला कोणाची हरकत नव्हती. “अरे वज्रबाहू, दारात काय उभा ऱ्हायलास? ढाल धर न् आत शिर,” असे चांगदेव शुक्रवारी म्हणे आणि शनिवारी सकाळी सात वाजता त्याच माणसाला लवून नमस्कार करी. दोघांनाही यात काही विसंगत वाटत नसे. सगळे वाटोळे समोरासमोर बसत असल्याने चांगदेवाला कोणाचेही ओठ सहज दिसत. आठवड्यातल्या या तीन तासांत त्याचा एकही शब्द हुकत नसे.

पौषात डाव उलट्या गडावर येऊन अडला. त्या गडाच्या तळघरात काकमुख नावाचा मांत्रिक बसलेला होता. तलवार उपसून कोणी दहा पावले पुढे गेले की तो निद्रामंत्र म्हणे. दोन शुक्रवार लागोपाठ वज्रबाहू पहिल्याच फेरीत आडवा झाला. झोपलेल्या पात्राच्या गड्याने बोलायचे नाही असा नियम असल्याने शेठला तासतासभर मुकाट्याने चहा पीत बसावे लागले. दुसऱ्या खेपेला चांगदेवाने त्याला निदान घोरण्याची परवानगी द्यावी अशी राघोला विनंती केली. दाजींचे पात्र मंत्र जाणणाऱ्या साधूचे होते. पण त्यांचे मंत्र दिवसाला तीन, काकमुखाचे नऊ. मंत्राला मंत्रानेच अडवायचे, तर हा हिशेब जुळणारा नव्हता.

प्रत्येक गड्याला एक सोबती बाळगण्याची मुभा होती. चांगदेवाने आपला सोबती घडवायला घेतला. मंत्र न जाणणारा, तरीही मंत्र अडवणारा माणूस त्याला हवा होता.

कल्पना मागावरची होती. मागाच्या एका कडेला एक छोटासा काटा असतो. आडवा धागा शाबूत असेतो तो काटा काही करत नाही. धागा तुटला की तो माग बंद पाडतो. काट्याला विणता येत नाही, त्याच्या अंगी जोर नाही; त्याला फक्त योग्य क्षणी थांबवता येते. राघोच्या नियमांत मंत्र म्हणायला एक पूर्ण फेरी लागे आणि मध्येच तुटलेला मंत्र त्या दिवसापुरता वाया जाई. तर चांगदेवाचा सोबती स्वतः काहीच करणार नव्हता. चाल राखून ठेवायची, नजर मांत्रिकाच्या तोंडावर ठेवायची आणि ओठ हलले की गोफणीचा खडा त्या तोंडावर मारायचा.

“जखम होणार न्हाय, तर मारून फायदा काय?” शेठने विचारले.

“जखम कराया तू हायस ना,” चांगदेव म्हणाला. “ह्याचं काम नुसतं थांबवायचं.”

शेठने तिथल्या तिथे त्याचे नाव थांब्या ठेवले.

खेळ चालवणाऱ्याच्या नात्याने राघोचा एक बाणा होता: काही घ्यायचे तर काही सोडायचे. एवढी तिखट नजर थांब्याला फुकट मिळणार नव्हती. त्याच्या मोबदल्यात काय देतोस, असे त्याने विचारले. चांगदेवाने कागद घरी नेला. फाशांनी थांब्याला बळ बेताचेच दिले होते, रूप त्याहून कमी. तो ते आकडे बदलून मागू शकला असता, पण त्याने ते तसेच ठेवले. एक आठवडा विचार करून उणिवेच्या रकान्यात त्याने लिहिले: ऐकू येत नाही. शब्द लिहून झाल्यावर तो काही वेळ कागदाकडे पाहत बसला. खोडणार होता. पण खेळाच्या दृष्टीने ते इतके नेमके बसत होते, की त्याच्यातल्या कारागिराला खोडवेना. बहिऱ्याला निद्रामंत्र बाधणार नाही, आणि ओठ वाचणे बहिऱ्याहून अधिक कोणाला जमणार?

पुढच्या शुक्रवारी दाजींनी हरकत घेतली. त्यांची हरकत शास्त्रशुद्ध होती. प, ब आणि म यांचा उच्चार करताना ओठ सारखेच मिटतात; क आणि ग तर ओठांवर उमटतच नाहीत. तळघराच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला मांत्रिक कोणता मंत्र म्हणतो आहे, हे ओठांवरून ओळखणे मनुष्यशक्तीच्या बाहेरचे आहे. सबब हे पात्र नियमबाह्य ठरवावे.

चांगदेवाने गप्प बसायला हवे होते. पण दोन आठवडे घडवलेली वस्तू कोणी मोडीत काढत असता गप्प बसणे त्याला साधले नाही. तो म्हणाला की प, ब, म सारखेच दिसतात हे खरे. पण म म्हणताना गाल हलत नाहीत आणि प म्हणताना फुगतात. आणि क, ग ओठांवर दिसत नसले तरी गळ्यावर दिसतात. एरवी पुढच्या-मागच्या शब्दांवरून अर्थ लागतोच.

“हे तुम्हांला कसं ठाऊक?” दाजींनी विचारले.

“मागावर सगळ्यांनाच येतं, दाजी.”

हे खोटे नव्हते, म्हणूनच त्याला वाटले की आपण निसटलो. राघोने मात्र सांगितले की मग दाखवच. जमले तर थांब्या मंजूर, नाही तर कागद फाडून टाकू. माडीची लांबी दाजींनी पावलांनी मोजली. राघो एका टोकाला खिडकीशी उभा राहिला, चांगदेव दुसऱ्या टोकाला. आवाज न काढता राघोने तीन वाक्ये म्हटली. पहिले बोटीच्या कप्तानाविषयी होते. दुसरे दाजींच्या शब्दकोशाला वाळवी लागल्याविषयी, ते चांगदेवाने जसेच्या तसे उच्चारताच दाजी शब्दकोश उघडून पाहू लागले. तिसऱ्या वाक्यात राघोने मुद्दाम प, ब आणि म खच्चून भरले होते. चांगदेवाने क्षणभर डोळे बारीक केले आणि तेही सांगितले.

राघो हसला. मग त्याची नजर चांगदेवाच्या खांद्यावरून मागे गेली. दाजींचीही गेली, आणि दोघांच्या नजरा परत चांगदेवावर येऊन थांबल्या. उत्तराची वाट पाहणारी माणसे जशी पाहतात तसे ते पाहत होते.

पाठीमागून आपल्याला काहीतरी म्हटले गेले, एवढे चांगदेवाला कळले. तो वळला. माठाशी सावळारामशेठ पेला घेऊन उभा होता आणि त्याचे ओठ मिटलेले होते. चांगदेवाने होकारार्थी म्हणता येईल अशी मान हलवली. शेठने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले, पाणी प्यायला, आणि परत जागेवर येऊन बसला. थांब्या मंजूर झाला.

तो आठवडा चांगदेवाने कसा काढला ते त्याचे त्यालाच ठाऊक. शेडमध्ये शेठ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा समोरून आला.

राघोच्या रजेतला शेवटचा शुक्रवार उजाडला. काकमुखाच्या तळघरात थांब्याने पहिल्या फेरीत निद्रामंत्र तोडला, दुसऱ्या फेरीत अग्निमंत्र. मग राघोने आपल्या बाण्याप्रमाणे मोल वसूल करायला घेतले. थांब्याच्या मागल्या भिंतीतून एक पाषाणरक्षक बाहेर पडला. थांब्याला ते ऐकू येणार नव्हते आणि ओरडून सावध करण्यात अर्थ नव्हता. वज्रबाहू काकमुखापासून चार पावलांवर होता, तलवार उगारलेली. महिनाभर तो ज्या घावाची वाट पाहत होता, तो घाव आता त्याच्या हातात होता.

“मी मागं फिरतो,” शेठ म्हणाला. “थांब्याच्या पाठीशी उभा ऱ्हातो.”

“वेडा झालास काय तू?” राघो म्हणाला. “मांत्रिक हातातनं जाईल ना.”

“जाऊ दे. त्याला पाठीमागचं कळत न्हाय.”

हे बोलताना तो राघोकडे पाहत नव्हता. तो चांगदेवाकडे तोंड करून, शब्द सुटेसुटे करून बोलला. काकमुख त्या दिवशी निसटला आणि गड तसाच राहिला. सोमवारी राघो पुस्तिका आणि फासे घेऊन बोटीवर गेला.

पण त्याआधी शनिवार होता. चांगदेव नेहमीपेक्षा अर्धा तास आधी शेडवर गेला. माग अजून सुरू व्हायचे होते. शेठ गादीवर एकटाच बसला होता. आडपडदा ठेवण्यात आता हशील नव्हता, म्हणून चांगदेवाने सरळच विचारले की त्या शुक्रवारी माठाजवळून आपण काय म्हणालात.

“राहनाळची शेड तुझ्याकडं, असं म्हनलो होतो,” शेठ म्हणाला. “खूश होऊन बोललो. ते दोघं बघाया लागले, तवा कुठं तू वळलास.”

चांगदेवाने मागांच्या रांगेकडे पाहिले. मग म्हणाला, “थांब्याला तपासलंत, शेठ. मलाबी तपासा. तीन माग बिघडवून ठेवा. मी भायेर थांबतो.”

शेठला ही मागणी न्याय्य वाटली. चांगदेव गल्लीत जाऊन उभा राहिला. आत शेठने आपल्या हाताने तीन मागांत खोड्या केल्या; तोही मूळचा मागावरचाच माणूस होता आणि कुठे हात घालायचा ते जाणत होता. मग कामगार आले, बटणे दाबली गेली, चोवीस माग एकदम सुरू झाले.

चांगदेव रांगेतून चालत गेला. सातव्या मागावर त्याने तळहात टेकला आणि हात वर केला: धोटा फेकणाऱ्या काठीची चाकी ढिली होती. पंधराव्यापाशी तो हात टेकण्यापूर्वीच थांबला. ब्रेक सैल पडला होता, ते त्याने नुसते पाहून ओळखले. मग तो पुढे गेला, रांग संपली, परत आला, पुन्हा गेला. तिसरा सापडेना. बाविसाव्या मागाच्या एका बेअरिंगमधले तेल शेठने पुसून काढले होते आणि ते बेअरिंग बारीक, कानाला टोचणाऱ्या आवाजात किंचाळत होते. त्या मागावरचा विणकर तोंड वाकडे करून उभा होता. चांगदेव त्याच्या समोरून तीनदा गेला. वीस मिनिटांनी बेअरिंग हाताला जाणवण्याइतके तापले, तेव्हा चौथ्या फेरीत त्याने तिथे हात ठेवला आणि ओळखले.

ते दोघे बाहेर गल्लीत आले. शेठ त्याच्या समोर उभा राहिला.

“तिन्ही सापडले,” शेठ म्हणाला. “पन उशीर झाला.”

“झाला,” चांगदेव म्हणाला.

“राहनाळला सगळाच माल नवा. मान्सं नवी. तिथं जॉबर म्हनून मी तुळशीरामाला धाडतो. हितले चोवीस तुझ्या हाताखालचे हायत, त्ये तुझेच. कांड्यावर तुला बसवनार न्हाय. कबूल?”

चांगदेवाला राहनाळचे जोते आठवले. ते पावसाचे पाणी आत येणार नाही इतके उंच होते; एवढे सोडले तर त्या शेडविषयी त्याला आता काही म्हणायचे नव्हते. त्याने एक अट घातली: आपल्याला ऐकू येत नाही हे कामगारांना शेठने सांगू नये; आपण स्वतः सांगू. शेठने मान्य केले. दुपारच्या सुट्टीत चांगदेवाने सगळ्या विणकरांना गोळा करून सांगितले की यापुढे मागून हाक मारू नये, समोर येऊन हात दाखवावा. ते मान डोलावून पांगले. एकाने तेवढे हिंदीत विचारले की चाचा, आम्ही मागून तुम्हांला ज्या शिव्या दिल्या त्या मग फुकटच गेल्या की काय. त्यावर बाकीचे हसले. चांगदेवाने त्याचे ओठ पाहिले होते, म्हणून तोही हसला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बायकोला चुलीपासून उठवून समोर बसायला सांगितले. पार्वतीने हात पुसले आणि बसली. राहनाळची शेड गेली, इथले काम राहिले, आणि त्याचे कारण काय, हे त्याने तिला क्रमवार सांगितले. कान कधीपासून अधू झाले तेही सांगितले. शेवटी म्हणाला की यापुढे माझ्याशी बोलायचे असेल तर समोर येऊन बोलत जा.

“समोर येऊनच बोलत्ये मी,” पार्वती म्हणाली. “दोन वर्सं झाली.”

त्याने नेमके कधीपासून, असे विचारले.

“माझ्या आक्काच्या पोरीच्या लग्नापासून. वाजंत्र्याची पिपाणी मधेच चिरकली, सगळा मांडव हसला. तुमी तेवढे हसला न्हाई.”

तिने अजून काही बोलायचे आहे काय अशा अर्थी त्याच्याकडे पाहिले. नव्हते. ती उठली आणि भाकरी उलटायला गेली.